गासमधला बर्फ

भाद्रपद लागला की आमच्या गास गावात काडेपेटीतली काडी पेटत नाही. पापड वातड होतात, कपाटाचं दार फुगून बसतं, मीठ बरणीतल्या बरणीत पाझरायला लागतं. आषाढ-श्रावणातला पाऊस परवडला, तो पडत तरी असतो. भाद्रपदातला पडतही नाही आणि जातही नाही. निघतो निघतो म्हणत, चपला घालून, दारातच तासभर गप्पा मारत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा तो रेंगाळतो. या दिवसांत प्रत्येक घराचे आपापले कायदे असतात. लोणच्याला ओला हात लावू नका, गाद्या बाहेर काढू नका, आणि असंच काही. आमच्या घरात एक कायदा जास्तीचा आहे. भाद्रपदात सैनिकांवर वार्निश मारायचं नाही.

सैनिक म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे, नेपोलियनच्या काळातले. निळ्या कोटांचे फ्रेंच, हिरव्या कोटांचे रशियन. शिशाचे किंवा प्लास्टिकचे, करड्या रंगाचे असे ते येतात. मग आम्ही त्यांना रंगवायचं: कोट, पट्टे, बटणं, मिशा, पाठीवरची गुंडाळलेली घोंगडी. रंगवून झाले की मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, खेडी मांडायची आणि टेपने अंतर मोजत, फासे टाकत शनिवार-रविवार लढाई खेळायची. हाताळून रंग जाऊ नये म्हणून शेवटी डब्यातल्या वार्निशचा फवारा मारतात. हवा कोरडी असेल तर ते दिसतसुद्धा नाही. हवा ओली असेल तर ओल त्यात अडकते आणि वाळता वाळता सैनिकावर पांढुरकं पटल चढतं, मोतीबिंदू झाल्यासारखं. महिन्याचं काम पाच मिनिटांत मातीमोल.

माझी पन्नाशी केव्हाच उलटली. माणिकपूरला माझा दातांचा दवाखाना आहे. मी सैनिक रंगवते हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ''डॉक्टर, या वयात बाहुल्या?'' पूर्वी मी समजावून सांगायचे. आता नाही सांगत. विचारणारा माझ्या खुर्चीवर असेल तर त्याच्या गालात कापसाचा बोळा जरा मोठा ठेवते. लग्नात भाड्याच्या घोड्यावर बसून, भाड्याची तलवार धरून, घाम गाळत मिरवणारा नवरदेव यांना चालतो. दिवसभर फोनवर बोट घासणारा माणूस यांना शहाणा वाटतो. चार मोठी माणसं टेबलाभोवती उभी राहून एका पुलाचा विचार करतात, ते मात्र पोरकट! असू दे. आम्ही पोरकट आहोत. तुमच्या शहाणपणाने तुम्ही काय दिवे लावलेत तेही आम्हाला दिसतंच.

आणखी एक प्रश्न असतो, तो जरा सज्जन लोक विचारतात. ''तुम्हाला युद्ध आवडतं का हो?'' नाही आवडत. एका माणसाच्या चेहऱ्यावर तासभर ब्रश फिरवलेला असला की फाशाच्या एका दानासरशी त्याला टेबलावरून उचलवत नाही. हे मी लाजून सांगत नाही. मला खरंच वाईट वाटतं आणि मी तरीही खेळते.

मला या नादाला लावलं अंतोनकाकांनी. आमच्याच गासचे, चर्चच्या पलीकडच्या आळीत राहणारे, विमानतळावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. परदेशी जाणाऱ्या सहकाऱ्यांना लोक अत्तरं आणि चॉकलेटं आणायला सांगायचे, काका शिशाचे सैनिक मागवायचे. काही वर्षांपूर्वी ते अक्कलदाढ काढायला माझ्याकडे आले होते. खुर्चीवर बसले, तोंड उघडलं आणि उजवी मूठ घट्ट आवळून ठेवली. काम संपल्यावर मूठ सोडली तर तळव्यावर एक फ्रेंच सैनिक, आणि त्याच्या बंदुकीची संगीन मोडलेली.

''तुज्या मशीनला घाबरून मीच मोडली,'' काका सुजल्या तोंडाने म्हणाले. ''आता तूच कर कायतरी, डॉक्टरीन.''

दातांत भरायचं जे मिश्रण असतं त्याचा कणभर गोळा घेऊन मी नवी संगीन घडवली आणि निळ्या दिव्याखाली कडक केली. काकांनी ती नखाने वाजवून बघितली. पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेले, ती आजतागायत जातेय. दातांवरचं कीटण काढायची माझी जुनी हत्यारं सैनिकांच्या अंगावरचे जोड खरवडायला इतकी चांगली चालतात, की जणू त्यासाठीच बनवलीत.

आमची मंडळी चारच. काका, मी, माणिकपूरचे शिरीष आणि नालासोपाऱ्याचा इरफान. शिरीष नियमांचं पुस्तक पोथीसारखं वाचतात आणि दुसऱ्याला वाचून दाखवतात. तिशीतला इरफान एका खोलीच्या फ्लॅटमध्ये यंत्रावर पूल, घरं, तोफा छापून काढतो आणि त्याची बायको ती कपाटावर रचते. फ्रेंच सैन्य कायम काकांचं, रशियन कायम माझं. टेबल म्हणजे गावातल्या मंडळाने टाकून दिलेलं टेबलटेनिसचं टेबल. ते आमच्या वाडीतल्या शेडमध्ये, केळीचे घड ठेवायच्या जागेशेजारी मांडलेलं असतं. भिंतीला अजून केळीच्या चिकाचे डाग आहेत, आणि शेजारच्या वाफ्यातल्या मोगऱ्याचा वास संध्याकाळी आत येतो. त्या वासात आम्ही युरोपभर फिरलोय.

नियम पुष्कळ आहेत. शिरीषांना विचारा, दिवस मावळेल. पण सगळ्यांत मोठा नियम पुस्तकात नाही, तो काकांनी घातलेला आहे आणि आम्ही सगळे पाळतो. दुसऱ्याच्या सैनिकाला हात लावायचा नाही. ज्याने रंगवला त्यानेच हलवायचा, त्यानेच पडला तर उभा करायचा, मेला तर त्यानेच उचलून डब्यात ठेवायचा. विचारून नाही, मदत म्हणून नाही, चुकूनही नाही. ''दुसऱ्याचा पोरगा कोन कडेवर घेतो काय न विचारता?'' काका म्हणायचे. कोणी कोणी घेतात, पण काकांशी वाद कोण घालणार?

मग काकांना कंपवात झाला.

आधी उजवा हात, मग डावा. चहाची बशी वाजायला लागली. मी दवाखान्यात दिवसभर हातांकडे बघणारी बाई, मला ते इतरांच्या आधी दिसलं आणि मी ते बघितलंच नाही असं दाखवत राहिले. काका रंगवायचे थांबले नाहीत. मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरायचे, श्वास रोखायचे, थरथर क्षणभर थांबली की ब्रश टेकवायचे आणि उचलायचे. एक बटण, मग वाट बघणं. दुसरं बटण, मग वाट बघणं. माणूस एवढा वेळ प्रार्थनेलाही देत नाही.

त्यांची मुलगी ग्लेंडा त्यांच्याकडेच राहते. वाईट नाही हो ती. बापाला औषधं वेळेवर देते, आंघोळीला धरून नेते. पण रोज संध्याकाळी तेच बघायचं: बापाच्या हातून ब्रश पडतोय, रंग सांडतोय, बाप चिडतोय. गेल्या वर्षी पावसाळ्यात ती म्हणाली, ''डॅडी, आता पुरे. पाऊस संपला की सगळं पॅक करूया. इरफान ऑनलाइन विकून देईल, चांगल्या घरी जातील.'' काकांनी फक्त कामाचा वेग वाढवला. शेवटची एक पलटण राहिली होती, ती पुरी करायची, वार्निश मारायचं आणि सगळं सैन्य आमच्या शेडमध्ये हलवून टाकायचं, पॅक करायला घरात काही ठेवायचंच नाही, असा त्यांचा डाव होता. आणि त्या घाईत, ज्या माणसाने आम्हाला तो कायदा शिकवला त्याच माणसाने, ऐन भाद्रपदात, पागोळ्या गळत असताना, पडवीत वार्निशचा डबा उघडला. नव्या पलटणीबरोबर जुन्यांवरही हात फिरवून घेऊ म्हणून सगळं सैन्य मांडलं होतं.

सकाळी फोन आला. ''डॉक्टरीन, माझी पलटन आंधळी झाली.''

आम्ही तिघं गेलो. पडवीत फळ्यांवर फ्रेंच सैन्य रांगेत उभं होतं आणि सगळं पांढरं पडलं होतं. निळे कोट राखाडी, टोप्यांवरचे लाल झुबके गुलाबी, चेहरे नाहीसेच. काकांच्या बायकोने, सेलिनकाकींनी, चहा आणला आणि कोणीच घेतला नाही. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

शिरीष घसा खाकरून म्हणाले, ''यावर उपाय आहे. तेलाचा हलका हात फिरवला की पटल जातं.'' काकींनी खोबरेल तेलाची बाटली दिली. काकांची परवानगी घेऊन शिरीषांनी एका सैनिकावर तेलात बुडवलेला ब्रश फिरवला, आणि खरंच, धुक्यातून बाहेर यावा तसा तो निळाशार बाहेर आला. इरफान उडालाच. ''बस! झालं ना काम! चौघं बसू, दोन रविवार लागतील. काका, तुम्ही आराम करा, आम्ही सगळे पुसून देतो.''

काकांनी तो एक चकचकीत सैनिक उचलला. हातात तो थरथरत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, बाकीच्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

''कोन पुसून देतो? माज्या पोरांना हात लावायचा नाय.''

''पण काका, तुम्हाला एकट्याला…''

''मला एकट्याला नाय जमनार. ठाव हाय मला. म्हनून काय तुमी पुसनार?'' मग त्यांनी तो सैनिक परत रांगेत उभा केला. ''आंधळी नाय ती,'' काका म्हणाले. ''बर्फ पडलंय त्यांच्यावर. मॉस्कोवरून परत चाललीत. या वेळी रशिया खेळायचा.''

शिरीषांनी नियमांचं पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. त्यांच्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालंय.

नेपोलियन रशियातून परतताना बेरेझिना नावाच्या नदीवर अडकला होता. पुढे बर्फाळ पाणी, मागे रशियन फौज. त्याच्या माणसांनी गळ्याएवढ्या गार पाण्यात उभं राहून लाकडी पूल बांधले आणि उरलेलं सैन्य त्यावरून पार झालं. ते जिंकले का हरले यावर विद्वान अजून भांडतात. मला भांडायचं नाही. मला एवढंच दिसतं की जे पार होऊ शकत नव्हते ते पार झाले.

तो शनिवार-रविवार दसऱ्यानंतरचा. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, शेजारच्या शेतात भाताची कापणी, पेंढ्याचा वास, आणि शेडच्या आत रशियातला हिवाळा. दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरी टेबलावर अंथरल्या होत्या. पंखा लावला की बर्फ उडायचा, म्हणून पंखा बंद. घाम टपकत होता आणि इरफान म्हणत होता, ''भाई, क्या ठंडी है!'' इरफानने बर्फासाठी मिठागरातलं मीठ आणायचं सुचवलं होतं. शिसं खराब होईल म्हणून मी ते दारातूनच परत पाठवलं. काकींनी फुगे म्हणजे तळलेले गोल पाव आणि मांसाचं आंबट-तिखट इंद्याल पाठवलं होतं, आमच्याकडून केळीच्या पानातले काकडीचे पानगे. महेशने, माझ्या नवऱ्याने, आत डोकावून ''थंडीची काळजी घ्या'' असं सांगितलं आणि तो विळा घेऊन निघून गेला.

इरफानने काकांसाठी एक वस्तू करून आणली होती. लोहचुंबक लावलेले छोटे ट्रे, सैनिकांच्या बुडाला चिकटवलेल्या पत्र्याच्या चकत्या धरून ठेवणारे. सैनिक त्यात उभे करायचे आणि अख्खी तुकडी एका धक्क्यात सरकवायची. कामाची वस्तू, मीही वापरते. काकांनी ट्रे उलटसुलट करून बघितला, ''छान केलायस रे पोरा,'' म्हणाले आणि परत दिला. ''पन ट्रेमधून चहा आनतात. पलटन चालत जाते.''

आणि पलटण चालत निघाली. एकेक सैनिक. काकांची थरथरती बोटं एकाला पकडायची, उचलायची, पुढे टेकवायची, आणि सोडताना शेजारचे दोन पडायचे. मग ते दोन उभे करायचे. पहिला तास आम्ही कुठे बघावं ते कळेना. शिरीष पुस्तकात डोकं घालून बसले. मी माझ्या रशियनांची उगाच अंतरं मोजली. फक्त फासे टाकायची वेळ आली की काका खूष. ''तुमाला हलवायला लागतात,'' मूठ पुढे करून ते म्हणायचे, ''माज्या हातात फुकटात हलतात.'' दानंही मेली त्यांचीच चांगली पडत होती.

रविवारी दुपारी त्यांचं सैन्य पुलावर आलं. इरफानचा तो नाजूक छापील पूल. काकांची नवी पलटण, जिच्या एकेका बटणासाठी त्यांनी श्वास रोखला होता ती, पुलावर रांगेत उभी राहिली, आणि शेवटचा सैनिक ठेवताना काकांचं मनगट कठड्याला लागलं. अख्खी रांग नदीत गेली. इरफानचा हात आपोआप पुढे गेला, आणि तसाच हवेत थांबला. त्याने तो हळूच मागे घेऊन खिशात घातला.

तेवढ्यात दारात ग्लेंडा उभी. बापाला न्यायला आली होती. तिने ते सगळं बघितलं होतं. ''डॅडी, बस झालं,'' ती म्हणाली, आणि मग आमच्यावर उखडली, ''आणि तुम्ही लोक? चौघांत एकटे तेच आजारी ना? नुसते बघत काय बसलाय? एकालाही उचलून द्यायला होत नाही?''

तिचा राग मला कळत होता. तिने बापाला भरवलंय, त्याची बटणं लावलीत. मी म्हटलं, ''ग्लेंडा, ते सैनिक त्यांचे आहेत. त्यांना जमणार नाही असं ज्या दिवशी आम्ही ठरवू, त्या दिवशी त्यांनी इथे यायचं कशाला? आम्हाला घाई नाहीये. तू बस.''

काकांचं लक्षच नव्हतं. ते नदीतून पहिला सैनिक काढत होते. ''घसरली,'' ते म्हणाले. ''बर्फ हाय. उठतील.''

ग्लेंडा केळीच्या खोक्यावर बसली. आम्ही थांबलो. एक उठला. दुसरा उठला. तिसऱ्याने पहिल्याला पाडलं, तो परत उठला. बाहेर कापणीवाल्या बायका चहाला थांबल्या होत्या आणि त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. शेवटचा उभा राहीपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मग काका खुर्चीत मागे रेलले, घाम पुसला आणि त्यांची नजर पलीकडच्या काठावरच्या माझ्या सैन्यावर गेली.

''डॉक्टरीन, एक सांग. बर्फ काय एकट्या फ्रेंचांवर पडतं? तुजे रशियन बघ, कोरडे खडखडीत! आत्ताच इस्त्री करून आल्यासारके. ही मॅच फिक्स हाय.''

सगळ्यांत आधी ग्लेंडा हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, ते तिने ओढणीने पुसले आणि म्हणाली, ''डॅडी, चाल तुमची आहे की हिची?'' त्या संध्याकाळी काकांचं जवळजवळ सगळं सैन्य पार झालं. नवी पलटण मागे रक्षणाला राहिली आणि ती मी कापून काढली. दयामाया दाखवली असती तर काकांनी मला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

यंदा पुन्हा भाद्रपद आलाय. काकांचा आवाज आता बारीक झालाय, चालताना पाय जमिनीला चिकटतात. पॅकिंगचा विषय त्या घरात निघाला नाही. लोक मात्र मला विचारतात, ''अजून खेळता का त्यांच्याबरोबर? किती वेळ लागत असेल ना!'' हो, लागतो. म्हणून यंदा शनिवार-रविवारच्या आधी शुक्रवारही जोडलाय. दवाखान्यावर पाटी लावणार आहे. ज्याची दाढ शुक्रवारी दुखेल त्याने लवंग धरावी. वेळ हीच एक वस्तू आम्ही काकांना हात न लावता देऊ शकतो, आणि ती कशी उधळायची हे आम्हाला कोणी शिकवू नये.

आज सकाळपासून तसंच आहे. पडत नाही, जात नाही. काडेपेटी सादळलेली, पागोळ्या गळताहेत. मी कपाटाचं फुगलेलं दार ओढून उघडलं, माझे रशियन बाहेर काढले आणि ओटीवर फळीवर रांगेने उभे केले. कित्येक वर्षांचं काम. हिरवे कोट, पांढरे पट्टे, आणि तो एक बुढ्ढा ढोलवाला, ज्याच्या मिशा मला सगळ्यांत चांगल्या जमल्यात. त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघून घेतलं.

डब्याचा खळखळाट ऐकून महेश बाहेर आला. ''अगं, वेड लागलंय का? या हवेत? खराब होतील सगळे!''

''होऊ देत,'' मी म्हटलं आणि फवारा मारला.

आधी काहीच दिसत नाही. ओलसर चकाकी असते नुसती. मग कडेच्या टोप्यांपासून सुरुवात होते, खांद्यांवर उतरते, ढोलावर, मिशांवर. हिरवे कोट माझ्या डोळ्यांदेखत पांढरे होत गेले. शेवटच्या सैनिकापर्यंत मी तिथून हलले नाही. मग काकांना फोन लावला. ग्लेंडाने तो त्यांच्या कानाशी धरला असावा, श्वासाचा आवाज येत होता.

''काका, इकडेही बर्फ पडला.''

पलीकडून तो बारीक आवाज आला. ''कोनाकोनावर?''

''सगळ्यांवर,'' मी म्हटलं.